अंदाज आणि पाऊण हेक्टर

२००२ च्या जुलैत पावसाने देशभर दडी मारली. हवामान विभागाचा अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता. हंगाम संपला ८१ टक्क्यांवर. पुढच्या वर्षापासून अंदाजाची पद्धत बदलली, दोन टप्पे आले. तरीही २००९ मध्ये एप्रिलला ९६ टक्के सांगितलेला पाऊस ७८ टक्क्यांवर अडला. दोन्ही दुष्काळांत उत्तर प्रदेश होरपळला. २००२ पासून आजवरच्या दोन तपांत हवामानशास्त्राने मोठा पल्ला गाठला, यात शंका नाही. छोट्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातले किती पडले, हे मात्र वेगळे तपासावे लागते. त्यासाठी लखनौचा परिसर चांगला.

माहिती देणाऱ्यांची तिथे वानवा नाही. अमौसीला हवामान केंद्र आहे, रहमानखेड्याला उपोष्ण बागवानीची केंद्रीय संस्था, शहरात ऊस संशोधन संस्था आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणारी ‘सीमॅप’. मोसमी पावसाची प्रारूपे घडतात ती आपल्या पुण्यात, पाषाणच्या ‘आयआयटीएम’ या हवामानशास्त्र संस्थेत. हे सगळे जिथे पोचायचे ते शेत केवढे? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे उत्तर प्रदेशात सरासरी धारणक्षेत्र ०.७३ हेक्टर, म्हणजे दोन एकरही नाही.

एवढ्या जमिनीला देशाची सरासरी किती कामाची, ते २०२२ ने दाखवले. त्या वर्षीचा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. लखनौजवळच्या मलिहाबादला दशहरी आंब्याचा मोहोर करपला, गव्हाचा दाणा भरायच्या आधीच चिमला. उष्णतेचे इशारे मिळत होते. पण ओंबी भरत असताना एखादे हलके पाणी देण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हातात काही उरले नव्हते, आणि ते पाणीही ज्याची सोय होती त्यालाच. मग पावसाळा आला. देशात १०६ टक्के पाऊस झाला. उत्तर प्रदेशात चतुर्थांशाहून जास्त तूट राहिली. डिझेल जाळून ज्यांनी भात जगवला, त्यांच्यातल्या अनेकांचे उभे पीक ऑक्टोबरच्या मुसळधारेत आडवे झाले. सरकारी दप्तरात ते वर्ष चांगल्या पावसाचे म्हणूनच नोंदले गेले.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या बाराबंकीचे. हा देशातला मेंथ्याचा, म्हणजे जपानी पुदिन्याचा बालेकिल्ला. गहू-बटाटा निघाला की रोपे लागतात आणि पावसाळा तोंडावर असताना कापणी येते. कापणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचे, लख्ख उन्हात कापायचे, कापलेला पाला थोडा सुकू द्यायचा आणि मग ऊर्ध्वपातनाच्या टाकीवर न्यायचा. पाला शेतात पसरलेला असताना वळवाची एक सर आली तरी तेलाचा उतारा घसरतो. या शेतकऱ्याला हंगाम किती टक्क्यांचा, याच्याशी देणेघेणे नाही. परवा पाऊस आहे की नाही, एवढे त्याला सांगा. कापणी दोन दिवस मागेपुढे करणे त्याच्या हातात असते, त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही. म्हणून तीन दिवसांचा साधा अंदाज इथे रोख पैशाइतका उपयोगी पडतो.

बटाट्याचेही तसेच. ढगाळ, दमट, थंड हवा टिकली की करपा येतो. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पश्चिम उत्तर प्रदेशासाठी ‘झुलसाकास्ट’ हे प्रारूप बसवले ते यासाठीच: तापमान आणि आर्द्रतेवरून रोग कधी येईल ते आधी सांगायचे, म्हणजे फवारणी वेळेवर होते आणि नको तेव्हाची वाचते. अवधच्या खेड्यांत घाघ-भड्डरीच्या पाऊसपाण्याच्या उक्ती आजही तोंडी आहेत, आपल्याकडच्या सहदेव-भाडळीसारख्या. त्यांत नुसते भाकीत नसते, त्यावर काय करायचे तेही सांगितलेले असते. शेतकऱ्याला माहिती हवी असते ती अशी.

उपयोग मोजण्याचे प्रयत्न झाले, पण निष्कर्ष एका सुरात नाहीत. २००७ मध्ये महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही एसएमएस सेवा सुरू झाली: बाजारभाव, हवामान, पीकसल्ला. फाफशाँ आणि मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत तिची चाचणी घेतली. मिळालेला भाव असो की वादळी पावसाने झालेले नुकसान, सरासरीने ठळक फरक दिसला नाही. २०२० मध्ये ‘एनसीएईआर’ या आर्थिक संशोधन संस्थेच्या अहवालाने मात्र कोरडवाहू भागातल्या दारिद्र्यरेषेखालील शेतकरी कुटुंबाला हवामान सल्ल्यामुळे वर्षाला साडेबारा हजार रुपयांचा फायदा होतो, असा हिशेब मांडला. एका अभ्यासाने संदेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांची तुलना केली, दुसऱ्याने शेतकऱ्यांनाच विचारले. तेलंगणात २५० गावांत झालेला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. तिथे पाऊस केव्हा सुरू होणार, हे पेरणीच्या पुष्कळ आधी सांगितले गेले. पाऊस उशिरा येणार असे कळले त्यांनी पेरा कमी केला, काहींनी दुसरा धंदा पाहिला. चांगली बातमी मिळाली त्यांनी शेतीत जास्त पैसा घातला. निर्णय अजून व्हायचा असताना माहिती पोचली म्हणून ती वापरली गेली.

चुकलेल्या अंदाजाची किंमत कोण भरतो, हे आपल्या बीड जिल्ह्याने २०१७ मध्ये ऐकवले. अंदाजावर विसंबून पेरले आणि पावसाने ओढ दिली, म्हणून माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान विभागाविरुद्ध थेट दिंद्रुड पोलीस ठाणे गाठले. तक्रारीची थट्टा झाली, पण दुबार पेरणीचे बियाणे कोणी फुकट दिले नाही.

२००८ पासून हवामान विभागाचा सल्ला जिल्हावार झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक निघू लागले. २०१८ नंतर देशभरच्या कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष उभे राहिले. तिथला माणूस इंग्रजी आकड्यांचे स्थानिक भाषेत आणि स्थानिक पिकात रूपांतर करायचा, उलट फोन आला तर उत्तरही द्यायचा. २०२४ च्या सुरुवातीला हे कक्ष बंद करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी मंजूर झाले आणि ग्रामपंचायतनिहाय अंदाजही सुरू झाला. २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीचे प्रारूप आले. त्याच खरिपात पाऊस मे महिन्यातच मुंबईपर्यंत येऊन अडला, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले अंदाज १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर गेले. पेरणीच्या आधी, पेरणीपुरती माहिती: दोन तपांतली ही सर्वांत योग्य दिशा.

तरी संदेश गेला म्हणजे काम झाले, असे समजायचे कारण नाही. अंदाज किती बरोबर आला, हे हवामान विभाग दरवर्षी तपासतो. किती जणांनी पेरणी थांबवली, फवारणी वाचवली, कापणी पुढे ढकलली आणि त्यात चार पैसे सुटले की बुडाले, हे त्याच काटेकोरपणे तपासले जात नाही. ते गावोगाव विचारू शकणारी माणसे कृषी विज्ञान केंद्रांत होती. प्रारूपे चालवणाऱ्या महासंगणकांच्या खर्चापुढे त्यांचा पगार किरकोळ होता. पहिली काटकसर तिथे व्हायला नको होती.