बाळंतपणाला आलेली लेक

वेरावळ, सुत्रापाडा, मांगरोळ या सौराष्ट्रातील बंदरांवर १९९०च्या दशकात एका माशाला ‘बॅरल’ म्हणत. हे नाव पडले शिकारीच्या तऱ्हेवरून. मोठाले गळ टाकायचे, त्यांना रिकामी पिंपे बांधायची आणि पिंपे ओढून ओढून मासा दमला की त्याला किनाऱ्याला आणायचे. हा मासा म्हणजे व्हेल शार्क. मुशीच्या कुळातला आणि जगातील सर्व माशांत मोठा. लांबीला बसगाडीएवढा, पण खातो काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक जीव! माणसाच्या वाटेला तो जात नाही. यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला लावायला आणि मांस परदेशी पाठवायला तो शेकडोंनी मारला जाई. वयात यायलाच त्याला पंचवीस-तीस वर्षे लागतात, तेव्हा ही तूट भरून निघावी कशी?

माईक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात ही कत्तल दाखविली आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण मिळाले. पण हा मासा चुकून जाळ्यात शिरला तर त्याला सोडवायला जाळेच कापावे लागते. जाळे म्हणजे खारव्याचे भांडवल, तेही पुष्कळदा कर्जाचे.

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचे वनखाते यांनी मोहीम काढली व रामकथाकार मोरारीबापूंना साद घातली. बापूंनी लोकांना समजावले, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक! माशाचे नाव झाले ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. गावोगाव पथनाट्ये झाली. उपमा शास्त्राला किती धरून आहे ते तज्ज्ञांनी ठरवावे. १९९५ साली तैवानजवळ सापडलेल्या एका मादीच्या पोटात मात्र सुमारे तीनशे पिल्ले निघाली होती.

कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागले. तरी सुरुवातीला अडचण होतीच. खात्याची माणसे पाहणीला येईपर्यंत मासा जाळ्यात अडकून राही. मग खारव्यांनाच कॅमेरे देण्यात आले. मासा सोडवतानाचा फोटो दाखवला की काम झाले. आमच्या मते साऱ्या मोहिमेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

आजवर अशा शेकडो व्हाली जाळे कापून समुद्रात परत सोडण्यात आल्या आहेत. भरपाई मिळते ती जाळ्याची. त्या फेरीत हातची गेलेली मासळी आणि फुकट गेलेले डिझेल यांची झळ खारवे आपली आपणच सोसतात.