एक सभासद, एक मत आणि उभा ऊस

साखरपट्ट्यातल्या बऱ्याच घरांचा दिवाळीचा फराळ कारखान्याच्या साखरेवर होतो. सभासदाला सवलतीच्या दरात साखर देण्याची पद्धत जुनी आहे. गट ऑफिसात कार्ड दाखवायचं, पिशवी भरून घ्यायची. संचालक मंडळाची निवडणूक असलेल्या वर्षी किलोंचा आकडा फुगतो, अशी चेष्टा गावोगाव चालते. चेष्टेत तथ्य किती हे बाजूला ठेवू. विधानसभा-लोकसभा निवडणुकीच्या वर्षात सभासदाच्या हातात खरोखर काय पडतं, याचा हिशेब मात्र अर्थशास्त्रज्ञांनी करून ठेवला आहे आणि तो गोड नाही.

विषमता आणि लोकशाही यांचं नातं सांगताना आपण हल्ली बहुधा दिल्लीकडे बोट दाखवतो. २०१८ मध्ये आलेले निवडणूक रोखे, १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवणं, बड्या कंपन्यांच्या देणग्या. तिथे चित्र सरळ असतं: पैसा बाहेरून येतो आणि राजकारण विकत घेतो. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात गोष्ट याहून अवघड आहे. इथे मतही शेतकऱ्याचं होतं आणि पैसाही त्याच्याच उसाचा होता.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करतो आहोत. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेने पोळलेले लोकच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. हे भाषण झालं त्याच सुमाराला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखान्यासाठी गावोगाव फिरून शेअर गोळा करत होते. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा होता, पण त्या भागातले साखर कारखाने खासगी होते आणि बाकीच्या शेतकऱ्याला गुऱ्हाळाच्या गुळावर आणि व्यापाऱ्याच्या मेहेरबानीवर जगावं लागे. विखे पाटलांबरोबर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे राहिले, पहिले अध्यक्षही तेच झाले. १९५०-५१ च्या हंगामात या प्रवरा कारखान्याचं गाळप सुरू झालं.

या कारखान्याच्या घटनेत एक कलम होतं, ज्याचं वेगळेपण आज आपल्या लक्षातही येत नाही. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. सहकारात तसं नाही: शेअर कितीही असोत, सभासद एक, मत एक. दोन एकरवाला आणि साठ एकरवाला एकाच रांगेत. आंबेडकरांनी दाखवलेली विसंगती निदान एका कारखान्याच्या कुंपणाआत मिटवण्याचा हा प्रयत्न होता. एकट्या बड्या बागायतदाराच्या उसावर कारखाना चालणारच नव्हता, त्यामुळे त्याला लहान शेतकऱ्याची गरज होती. महाराष्ट्रातला सहकार टिकला तो याच गरजेमुळे, असं मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवूड यांनी १९९२ च्या ‘रेझिंग केन’ या पुस्तकात मांडलं. मला ते बऱ्याच अंशी पटतं. वारणेला तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीजवळ रत्नाप्पाण्णा कुंभार, सांगलीला वसंतदादा पाटील, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील. या माणसांनी उभं केलेलं वैभव खोटं नव्हतं. रस्ते, शाळा, दवाखाने, दूध संघ आले. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर कॉलेजंही आली.

मग बिनसलं कुठे? मत तर शाबूत होतं.

उभा ऊस हे विलक्षण परावलंबी पीक आहे. ज्वारी काढून कणगीत ठेवता येते, कापूस घरात भरून ठेवता येतो. ऊस तोडला की काही तासांत गव्हाणीत पडायला हवा, नाहीतर वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) दोन्ही घटतात. आणि वेळेत तोडला नाही तर तुरा येतो, ऊस पोकळ पडायला लागतो, खालचं रान पुढच्या पिकासाठी मोकळं होत नाही. तोड कधी द्यायची हे ठरवतं कारखान्याचं शेती खातं. लागणीची नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, टोळी कोणाच्या फडात आधी घालायची, हे सगळं शेती अधिकारी, गट ऑफिस आणि चिटबॉय यांच्या हातात. पुन्हा कित्येक वर्षं झोनबंदी होती: आपल्या क्षेत्रातला ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा, शेजारचा कारखाना जास्त देत असला तरी. शेतकरी संघटनेच्या आंदोलनानंतर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ती उठली. पण नव्या कारखान्यासाठी जुन्यापासून हवाई अंतराची अट आहेच, आणि महाराष्ट्रात ती २५ किलोमीटरची आहे.

आता अशा सभासदाने सप्टेंबरच्या वार्षिक सभेत उठून ताळेबंदावर प्रश्न विचारायचा. मतपेटीतलं मत गुप्त असतं. मांडवातला हात गुप्त नसतो. विरोधी पॅनेलच्या सभेला कोण गेलं होतं, हे गावात लपत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या उसाला तोड मिळायला फेब्रुवारी-मार्च उजाडला, तर कोणी कोणावर अन्याय केल्याची कागदोपत्री खूण राहत नाही. म्हणून विषय वाचायचे आणि मांडवातून ‘मंजूर, मंजूर’ यायचं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात सभा ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ पार पडलेली असते. (‘खेळीमेळी’ नसलेल्या सभा मी जास्त लोकशाहीवादी मानतो. माइक ओढाओढीपर्यंत गेलं की समजावं, इथे अजून दुसरं पॅनेल जिवंत आहे.)

समाजशास्त्रज्ञ बा. शं. बाविस्करांनी कोपरगावला राहून या राजकारणाचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. कारखान्याची सत्ता म्हणजे नोकऱ्या, कंत्राटं, कर्जं आणि पुढे विधानसभेचं तिकीट, ही साखळी त्यात दिसते. पण विषमतेचा नेमका परिणाम आकड्यांत पकडला गेला तो दोन दशकांनी. अभिजित बॅनर्जी (पुढे २०१९ चे नोबेल मानकरी), दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज राय यांनी महाराष्ट्रातल्या जवळपास शंभर सहकारी कारखान्यांचे १९७१ ते १९९३ या काळातले आकडे तपासले. २००१ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधाचा युक्तिवाद फार खुबीदार आहे.

सहकारात उसाचा दर सगळ्यांना एकच. बड्या शेतकऱ्याला स्वतःसाठी टनामागे पन्नास रुपये जास्त लावून घेता येत नाहीत. पण संचालक मंडळावर त्याचं वजन आहे. मग तो काय करतो? दरच सगळ्यांसाठी खाली ठेवतो, स्वतःसाठीसुद्धा. त्यामुळे कारखान्यात जो पैसा शिल्लक राहतो, त्याचा विनियोग मंडळाच्या हातात असतो. दर कमी घेतल्याने होणारं नुकसान सगळे सोसतात. शिल्लक रकमेवर हुकमत मात्र थोड्यांची. ज्या भागात जमिनीची वाटणी जास्त विषम, तिथे दर कमी आणि कारखान्याची गाळपक्षमताही कमी, असं आकड्यांनी दाखवलं. एकही मत चोरीला गेलेलं नाही, एकही कायदा मोडलेला दिसत नाही, तरी गरीब सभासदाच्या खिशातून श्रीमंत सभासदाच्या हाताकडे पैसा सरकतो. समान दराचा नियमच त्याला आडोसा देतो.

दुसरा अभ्यास संदीप सुखटणकर यांचा, २०१२ चा. निवडणूक लढवणाऱ्या नेत्यांच्या ताब्यातले कारखाने निवडणुकीच्या वर्षात उसाला कमी दर देतात, आणि राजकीय ताब्याबाहेरच्या कारखान्यांत हा फरक दिसत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे प्रचाराचा खर्च सभासदाच्या बिलातून निघत होता. पण निबंधातली खरी चुरचुरीत गोष्ट पुढे आहे: नेता निवडून आला तर नंतर सभासदांना त्याची भरपाई मिळत असावी, अशी चिन्हं आहेत. शेतकरी काही भोळा नाही. आपला माणूस मुंबईत गेला तर पाणी, वीज, थकहमी, सगळं सोपं होतं, हे तो जाणतो. उसाच्या बिलातून तो एक जुगार खेळतो. लोकशाही अशी पोखरली जाते तेव्हा पोखरणाऱ्याला मतदारांची मूक संमती असते, हे कबूल करायला आपल्याला जड जातं.

थकहमी हा शब्द ओघात आला, पण त्याच्यावर स्वतंत्र लेख होईल. या कारखान्यांच्या भांडवलात सभासदांचा वाटा लहान होता. बाकी सरकारी भागभांडवल आणि राज्य सरकारच्या हमीवरचं कर्ज. कर्ज देणारी राज्य सहकारी बँक, तिचे संचालक आणि कारखान्यांचे चेअरमन हे बरेचदा एकाच वर्तुळातले लोक. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कारवाईने त्या बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं. बुडीत कारखाने लिलावात निघाले. ते कवडीमोलाने विकले गेल्याच्या तक्रारीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्या प्रकरणाच्या राजकीय चढउतारांत मी शिरत नाही. सभासदाच्या बाजूने पाहिलं तर उरतं एवढंच: ज्या कारखान्याच्या शेअरसाठी त्याच्या आजोबाने पैसे मोजले, तो कारखाना विकला जाताना त्याचं एक मत कुठेच उपयोगी पडलं नाही.

आज राज्यात हंगामाला सुमारे दोनशे कारखाने चालतात आणि त्यांतले जवळपास निम्मे खासगी आहेत. खासगीत मत नाही, वार्षिक सभेचा फराळही नाही. तरी अनेक शेतकरी तिकडे ऊस घालतात, कारण बिल वेळेवर येतं. मत असलेला कारखाना नाडतो आणि मत नसलेला पैसे देतो, असा अनुभव आला तर माणूस मताची किंमत काय करणार?

याला उलटा प्रवाहही आहे आणि तो कोल्हापूर-सांगलीकडे जास्त जोरात वाहिला. तिथे जमिनी लहान, ऊसकऱ्यांमध्ये तफावत तुलनेने कमी आणि उतारा राज्यात सर्वांत चांगला. ऊसदराच्या आंदोलनांतून राजू शेट्टी २००९ आणि २०१४ मध्ये लोकसभेत गेले, तेही लोकवर्गणीच्या जोरावर. २०१९ ला हरले. कायद्यानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, द्यावी लागते, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने ती दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली. शेट्टींच्या याचिकेवर मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मांडवात जे जमलं नाही ते कोर्टात जमलं.

इतका वेळ आपण ऊसवाल्याबद्दल बोलतो आहोत. ऊस तोडणाऱ्याबद्दल एक अक्षर आलं नाही, आणि सहकाराच्या इतिहासातही असंच झालं. एक सभासद, एक मत या नियमात बीडचा तोडणी मजूर कधीच बसला नाही, कारण सभासद व्हायला ऊस लागतो. तो मुकादमाकडून उचल घेतो आणि बायकोसह फडात उतरतो. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. बीडमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. मासिक पाळीत कामाला खाडा पडला की पैसे कापले जातात, हे त्यामागचं एक कारण.

या माणसांना विधानसभेचं मत आहे, पण हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकाही नेमक्या तेव्हाच येतात. २०२४ चं मतदान २० नोव्हेंबरला होतं. तोवर टोळ्यांची बांधाबांध सुरू झालेली असते. तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात वाटाघाटींनी ठरतो आणि अडलं की तोडगा मोठे नेते काढतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगारांचे सर्वांत मोठे नेते होते आणि परळीच्या वैद्यनाथ कारखान्याचे संस्थापकही तेच. जानेवारी २०२४ च्या करारात दर ३४ टक्क्यांनी वाढला, तीन वर्षांसाठी. पुढची बैठक होईल तेव्हा पेपरातला फोटो नीट पाहावा: टेबलाभोवती कारखान्याचे चेअरमन किती बसलेत, आणि त्या हंगामात कोयता धरलेली बाई त्यात एखादी तरी आहे का.