वस्तरा आणि आपला हात

मंडळी, दाढी तर सगळेच करतात. कोणी दुकानात जाऊन बसतो. कोणी घरच्या घरी, पाते बदलायच्या यंत्राने उरकून टाकतो. पण उघड्या वस्तऱ्याने आपली दाढी आपण करणारा माणूस आता क्वचितच दिसतो. मी करतो. ती विद्या मी कसा शिकलो, ते आज सांगतो.

मी अंधेरीला राहातो. तेथेच एका शाळेत हेडमास्तर होतो. आमच्या वडिलांकडे एक जुना वस्तरा होता. जर्मनी देशातल्या सोलिंगेन गावचा. त्या गावी शेकडो वर्षे चाकू, कात्र्या, वस्तरे घडत आले आहेत. वडील रोज पहाटे त्याने दाढी करीत. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला. एके दिवशी त्यांनी वस्तरा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बाळ, आता हा तू धर."

मी धरला खरा; पण शाळेची घंटा चुकेल म्हणून घाई केली. त्यांची हनुवटी कापली. रक्त आले. मला रडू यायचे बाकी राहिले. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "घाई असेल त्या दिवशी दाढी राहू दे." वस्तऱ्याचा पहिला नियम हाच.

आधी सराव

मग मी रीतसर शिकलो. एक मोठा फुगा फुगवला. त्याला साबणाचा फेस लावला आणि वस्तऱ्याने तो फेस काढू लागलो. हात जड पडला की फुगा फटकन फुटे! पाच-सहा फुगे गेले, तेव्हा हात हलका झाला. मग आपल्याच गालावर आलो. पहिले काही दिवस फक्त कानाजवळचा सपाट भाग केला. हनुवटी आणि ओठावरची जागा अवघड. ती शेवटी घेतली.

धार

वस्तरा बोथट असला तर माणूस जोर करतो, आणि जोर केला की कापते. म्हणून धार हवी. दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा. पट्टा ताठ धरावा. पाते सपाट टेकवावे. पाठ पुढे आणि धार मागे, असे ओढावे. टोकाला आले की पाते पाठीवर उलटवावे, धारेवर नव्हे. अशा वीस-तीस फेऱ्या पुरेत. महिन्या-दोन महिन्यांनी धार मंदावली, तर ती बारीक दगडावर, जाणत्या माणसाकडून लावून घ्यावी.

दाढी कशी करावी

गरम पाण्याने तोंड धुवा. ओला केस मऊ होतो आणि लवकर कापला जातो. भरपूर फेस करा. एका हाताने कातडी ताणा. पाते गालाला सपाट टेकवा आणि पाठ थोडीशी उचला, साधारण पाठीच्या जाडीइतकी. केस ज्या बाजूला वळले असतील, त्याच बाजूला हळू ओढा. वजन वस्तऱ्याचे, तुमचे नव्हे. पाते आडवे कधीही सरकवू नका. विळीवर बोट आडवे सरकले तर काय होते, हे घरच्या बाईमाणसाला विचारा!

झाले की गार पाणी लावा आणि तुरटी फिरवा. वस्तरा धुऊन अगदी कोरडा पुसा. आमच्याकडे वेसाव्याचा समुद्र जवळ. पावसाळ्यात हवा इतकी ओली की पाते लगेच गंजू लागते. म्हणून मी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावून ठेवतो.

एक वस्तरा, एक माणूस

वडिलांचा वस्तरा मी स्वतःला कधी लावला नाही. माझ्यासाठी दुसरा घेतला. कारण ऐका. 'ब' जातीच्या काविळीचे विष रक्तातून पसरते. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या डागातही ते सात दिवस जिवंत राहू शकते. तुरटीने ते मरत नाही. दुसऱ्याचा वस्तरा वापरला तर एड्ससारख्या रोगाचीही धास्ती राहते. दुकानात गेलात तर "भाऊ, पाते नवे घाला" असे सांगा. त्यात लाज कसली?

हत्यार एकच, हात निराळे

वस्तऱ्याने पूर्वी अन्यायही झाला आहे. काही जातींत विधवेचे डोके सक्तीने भादरत. 1890 साली मुंबईत जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हावी बांधवांची सभा भरविली. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्या लोकांनी ठरविले. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर, त्यांनीच तो खाली ठेवला!

डॉक्टर आंबेडकरांच्या लहानपणी साताऱ्याचे न्हावी अस्पृश्यांना हात लावीत नसत. पैसे दिले तरी नाही. तेव्हा त्यांची थोरली बहीण घरी भावंडांचे केस कापी. सराव करून करून ती त्यात तरबेज झाली होती. तेव्हा हे काम हलके आणि अमक्याच जातीचे, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. शिकेल त्याची ही विद्या.

वडील त्यानंतर चार वर्षे होते. रोज सकाळी पंधरा मिनिटे मी त्यांच्यापुढे बसे. फेसावर वस्तरा खरखर चाले. दोघेही बोलत नसू. दाढी झाली की ते डाव्या हाताने गाल चाचपून पाहात आणि मान हलवीत. शाळेतल्या कोणत्याही शाबासकीने मला तेवढा आनंद झाला नाही.

आता तो वस्तरा माझ्या कपाटात आहे. दर महिन्याला पुसतो, तेल लावतो. माझी दाढी मात्र माझ्याच वस्तऱ्याने करतो. सावकाश.