औषधावर खरंच बंदी आली का? मूळ सरकारी कागद मोबाईलवर असा तपासा



फवारणीचे दिवस आले की ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : "केंद्र सरकारने अमुक औषधांवर बंदी घातली, वापर ताबडतोब थांबवा." सोबत एखाद्या कागदाचा अर्धवट फोटो असतो. काही जण घरातलं चांगलं औषध बाजूला ठेवून महागडं पर्यायी औषध घेऊन येतात. काही जण "असले मेसेज रोजच येतात" म्हणून सोडून देतात, आणि त्यात एखादी खरी बंदी नजरेतून सुटते. दोन्हीकडे नुकसान आपलंच. मूळ कागद मोबाईलवर फुकट बघता येतो. तो कसा शोधायचा आणि त्यात काय बघायचं, ते आज समजून घेऊ.

*आधी एक खरं उदाहरण*

मे २०२० मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने २७ कीटकनाशकं-बुरशीनाशकं-तणनाशकांबद्दल एक आदेश राजपत्रात छापला. क्रमांक का.आ. १५१२(अ), तारीख १४ मे २०२०. त्यात मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, क्लोरपायरीफॉस अशी आपल्या रोजच्या वापरातली नावं होती. पण तो *मसुदा* होता. हरकती आणि सूचना पाठवायला आधी ४५ दिवस दिले होते, पुढे ते ९० केले. म्हणजे त्या दिवशी बंदी लागू झालेली नव्हती.

अंतिम आदेश आला तो सप्टेंबर २०२३ च्या शेवटी, आणि तो बराच वेगळा होता. डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल यांच्यावर पूर्ण बंदी आली. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल बंद करण्याचा निर्णयही त्यातच आहे. मॅन्कोझेब मात्र सरसकट बंद झालं नाही, पेरू आणि ज्वारीसारख्या काही पिकांवरचा वापर तेवढा काढला. क्लोरपायरीफॉसचंही तसंच : बोर, लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखू यांवर चालणार नाही.

आता बघा, "मॅन्कोझेब बंद" हे खोटं, आणि "मॅन्कोझेब कुठेही चालतं" हेही खोटं. संत्रा-मोसंबीवाल्यांनी क्लोरपायरीफॉसबद्दल नुसतं "बंदी नाही" एवढंच ऐकलं तर फसगत ठरलेली. पूर्ण उत्तर मूळ कागदातच सापडतं.

*कुठे शोधायचं?*

१) *ई-गॅझेट* : केंद्राचं राजपत्र. ऑक्टोबर २०१५ पासून ते छापील न निघता ऑनलाइनच निघतं. गुगलवर "ई गॅझेट" टाका. जी साइट उघडाल तिच्या पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, ते आधी बघा. मग सर्चमध्ये कृषी मंत्रालय आणि अंदाजे तारीख निवडा. मजकूर आधी हिंदीत आणि खाली इंग्रजीत असतो. हिंदी भाग वाचला तरी आपल्याला पुरतं.

२) *वनस्पती संरक्षण संचालनालय, फरीदाबाद* (पीपीक्यूएस) : यांच्या साइटवर बंदी असलेल्या आणि वापरावर मर्यादा असलेल्या औषधांची यादी मिळते. कोणतं औषध कोणत्या पिकासाठी मंजूर आहे, म्हणजे लेबल क्लेम, तेही इथेच. घाईत असाल तर आधी इथे बघा.

३) *इंडिया कोड* : मूळ कायदा वाचायचा असेल तर. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे.

*कागद हातात आला, आता काय बघायचं?*

▪️ *क्रमांक* : "का.आ." किंवा "सा.का.नि." असा क्रमांक आणि तारीख हवी. नव्या राजपत्रावर वरच्या बाजूला सीजी-डीएल-ई अशा इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा नंबरही असतो. फोटोत यातलं काहीच नसेल तर त्यावर विसंबू नका.

▪️ *मसुदा की अंतिम?* : हिंदीत "प्रारूप" आणि "आक्षेप या सुझाव" हे शब्द दिसले तर तो मसुदा असू शकतो, पण ते कोणत्या संदर्भात आले आहेत ते नीट वाचा. तुमचं म्हणणं असेल तर मुदतीत पाठवा, तो आपला हक्क आहे.

▪️ *लागू कधीपासून?* : छापल्या दिवसापासून, की साठा संपवायला मुदत दिली आहे?

▪️ *तक्ता* : पहिलं पान वाचून थांबू नका. कोणतं औषध, किती टक्क्यांचं, कोणत्या पिकावर, हे बहुतेक वेळा शेवटच्या तक्त्यात असतं.

*केंद्राचं काय, राज्याचं काय?*

औषधावर कायमची बंदी केंद्र घालतं. राज्य सरकारला तात्पुरती बंदी घालता येते : ६० दिवस, आणि गरज पडली तर आणखी ३० दिवस. २०१७ मध्ये यवतमाळच्या विषबाधेनंतर आपल्या राज्याने अशी बंदी घातली होती. त्यामुळे जुना मेसेज पुन्हा फिरत असेल तर तारीख नक्की बघा.

राज्याच्या योजना आणि अनुदानाचे कागद वेगळ्या ठिकाणी असतात. त्यासाठी महाराष्ट्र शासनाची "शासन निर्णय" साइट आहे. प्रत्येक जीआरवर १८ आकडी संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सॲपवर आलेल्या जीआरचा संकेतांक या साइटवर टाका. सापडला नाही तर तो कागद खरा धरून अर्जासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

*या आठवड्यात एवढं करा*

घरात ठेवलेल्या औषधांची लेबलं एकदा काढून बघा. त्यावरचं तांत्रिक नाव (कंपनीने ठेवलेलं नाव नव्हे) आणि टक्केवारी पीपीक्यूएसच्या यादीशी ताडून पाहा. आपलं पीक लेबलवर नसेल तर ते औषध त्या पिकावर मारू नका. माल परत येतो तो बऱ्याचदा अशाच अंशामुळे.

यादीत शोधताना अडचण आली तर लेबलचा स्पष्ट फोटो आणि पिकाचं नाव या नंबरवर पाठवा. बंदीचा मेसेज आला असेल तर तोही आधी इथे पाठवा, मूळ कागद बघून मगच पुढे ढकलू.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी