उणे चाळीस अंशांचं जिंतूर

मे महिन्यात जिंतूरला पारा 42-43 अंशांवर जाणं नवलाचं नाही. अशा दुपारी गाडीचा एसी लावावा, ब्लोअर जोरात फिरावा आणि वारा मात्र गरमच यावा. एखाद्या गाडीच्या पॅनलवर तर बाहेरचं तापमान दिसतं: उणे 40!

पॅनल बिघडलं, नवं बसवा, असं लगेच वाटतं. पण बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरच्या आसपास असतो. हवा जितकी थंड, तितका तो विजेला अधिक अडवतो. त्याची वायर तुटली की वीज पूर्णच अडते आणि एसी सांभाळणारं मॉड्यूल समजतं, कडाक्याची थंडी पडलीय. थंडीत कॉम्प्रेसर कशाला? म्हणून काही गाड्यांत तो सुरूच होत नाही. दोष वीतभर वायरीचा, खर्च मात्र अख्ख्या मॉड्यूलचा. धान्याची पोती जवळपास असली की उंदीरही असतात, आणि बॉनेटखालची वायरिंग त्यांना वर्ज्य नाही.

हे मॉड्यूल म्हणजे एसीच्या बटणांमागचा, काही गाड्यांत वेगळ्या डबीतला, सर्किट बोर्ड. आतली-बाहेरची हवा आणि कूलिंग कॉइल किती गरम-थंड, काही गाड्यांत ऊनसुद्धा किती, हे तो सेन्सरकडून ऐकतो आणि ब्लोअर, कॉम्प्रेसर व हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटारी चालवतो. तापमानाचा आकडा चालकाने ठरवायचा, बाकी यंत्रणेने पाहायचं, ही सोय कॅडिलॅकने 1964 साली आणली.

दोष मॉड्यूलबाहेरही असू शकतो, म्हणून चांगला मेकॅनिक आधी फ्यूज, रिले आणि धुळीने बुजलेला केबिन फिल्टर बघतो. मग गॅसचा दाब. ‘गॅस संपला’ हे निदान फार लवकर केलं जातं. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरला तर पैसे पुन्हा हवेतच. शिवाय बऱ्याच गाड्यांत असलेला आर-134ए वायू कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट तापमानवाढ करतो. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल, तर साध्या एसीत संशय रेझिस्टरवर घ्यावा.

एवढं करून मॉड्यूलच दोषी निघालं, तर बदलण्याचं काम तसं किचकट नाही, पण घाईचंही नाही. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, एअरबॅग जवळ असल्याने थोडा वेळ थांबणं, मग प्लास्टिकच्या पट्टीने पॅनल अलगद सोडवणं. जुन्या भागावरचा नंबर आणि नव्यावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळायला हवा. दिसायला सारखी दोन पॅनलं वेगवेगळ्या मॉडेलची असू शकतात, आणि भंगारातल्या गाडीचं स्वस्त मॉड्यूल घेताना फसगत होते ती इथेच.

बसवल्यावरही काम उरतं. झडपांच्या मोटारी कुठून कुठपर्यंत फिरतात, हे नव्या मॉड्यूलला शिकवावं लागतं. काही गाड्या हे चावी फिरवताच आपोआप करतात. डॅशबोर्डमागून बारीक घरघर येते, तेव्हा बटणं दाबू नयेत. काहींना स्कॅनरने कोडिंग लागतं. तसा स्कॅनर गॅरेजमध्ये आहे का, हे पार्ट मागवण्याआधीच विचारावं. नाहीतर नवं मॉड्यूल बसवूनही ते चालू करून घ्यायला गाडी मोठ्या शहरात न्यावी लागते, तीही काचा खाली करून.