हिरवळ : बी पेरावे की गालिचा अंथरावा?

सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीत नवा बंगला उभा राहिला, की वास्तुशांतीच्या आधीच एक प्रश्न घरात फिरू लागतो. समोरच्या मोकळ्या जागेत हिरवळ करायची, तर बी पेरावे की रोपवाटिकेतून तयार गालिचा आणावा? मुहूर्त ठरलेला असतो, पाहुणे यायचे असतात. साहजिकच गालिचा बाजी मारतो. सकाळी टेम्पोतून मातीसकट कापलेले तुकडे उतरतात आणि सायंकाळी अंगण हिरवे होते. चौरस फुटाच्या दराने मोजलेली ती रक्कम मुख्यतः घाईचीच किंमत असते.

हा वाद मुळात थंड देशांतला. तिकडची राय, फेस्क्यू ही गवते बियाण्यावर उत्तम येतात. पण त्यांची आकर्षक पाकिटे मागवून इकडे पेरली, तर एप्रिलच्या उन्हापुढे ती टिकत नाहीत. आपल्या हवेचे गवत म्हणजे हरळी, पूजेतली दूर्वा. गंमत अशी, की कृष्णाकाठचा ऊसकरी शेतकरी हीच हरळी खणून काढण्यासाठी मजुरी मोजतो आणि शहरातला व्यापारी ती लावून घेण्यासाठी!

गालिच्यात दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. पहिली, त्याखाली आलेली माती. सांगली-मिरजेची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वेगळ्या पोताच्या मातीचा पातळ थर तिच्यावर नुसता ठेवला, तर मुळे खाली उतरायला कुचराई करतात आणि कडा उचलल्या जातात. म्हणून आधी जमीन खोल खणून त्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळणे अटळ आहे. दुसरी, लव्हाळा. त्याची एकेक गाठ मातीबरोबर फुकट येते आणि पुढे वर्षानुवर्षे व्याज वसूल करते. शिवाय कापलेले तुकडे ढिगात तापतात. ते त्याच दिवशी अंथरले गेले पाहिजेत.

हरळीच्या बियाण्याचा खर्च त्यामानाने नगण्य. हेक्टरी 30 किलोच्या प्रमाणाने 1000 चौरस फुटांना पाव किलोहून थोडेसेच अधिक बी लागते. ते इतके बारीक असते, की वाळूत मिसळूनच फेकावे लागते. उगवणीला दोन-तीन आठवडे, अंगण भरायला काही महिने. तोवर मुंग्या, चिमण्या आणि पावसाचा लोंढा यांच्यापासून राखण. साताऱ्याच्या पश्चिम अंगाला जुलैत पेरलेले बी उतारावरून गटारात जाते. तिथे पावसाच्या प्रारंभीच पेरणी उरकावी.

या दोहोंच्या वादात तिसरा, सर्वांत जुना मार्ग विसरला जातो : टोकणी. हरळीच्या गाठी असलेल्या काड्या चार-सहा इंचांवर खोचायच्या, रूळ फिरवायचा आणि पाणी द्यायचे. घाई नसलेल्या घराला हाच मार्ग सर्वांत किफायतशीर पडतो.

खरा खर्च मात्र नंतरचा, पाण्याचा. 1000 चौरस फुटांवर उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 465 लिटर. ज्या मिरजेहून 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्याच जिल्ह्यात जत आणि आटपाडी आहेत. साताऱ्यात माण-खटाव आहेत. तेव्हा हिरवळ 300 फुटांवर आवरून उरलेल्या जागेत फरशी आणि झाडे लावणारी कुटुंबे हिशेबाने वागतात, असेच म्हणावे लागेल.

जैन घरात आणखी एक बाब असते. ज्येष्ठ मंडळी, विशेषतः चातुर्मासात, हिरव्या गवतावर पाऊल टाकत नाहीत. दारापासून फाटकापर्यंत रुंद फरसबंद वाट आधी आखली, तर आजी-आजोबांचा नियम आणि नातवंडांचे खेळणे दोन्ही राहते. मुळे कुरतडणाऱ्या हुमणीवर विष ओतण्याचा सल्ला माळी हमखास देतो. त्यापेक्षा कच्चे शेणखत टाळावे. कारण तिच्या अळ्या बहुधा त्यातूनच येतात.

कृष्णेच्या पुराच्या पट्ट्यात निवड अधिक सोपी होते. 2019 आणि 2021 साली सांगलीत पाणी घरांत शिरले. अशा ठिकाणी हिरवळीवर साचलेला गाळ वेळेत खरवडला नाही, तर खालचे गवत गुदमरते. महागडा गालिचा तिथे अंथरण्यापेक्षा टोकणीची हरळी बरी. मागच्या अंगणात वाफाभर हरळी राखून ठेवली, की गेलेले ठिगळ पुढच्या पावसात घरच्याच काड्यांनी भरता येते.