दोषसिद्धीविरुद्ध अपील : एक विवेचन

दोषसिद्धीविरुद्धचे अपील म्हणजे केवळ खालच्या न्यायालयाची कायदेविषयक चूक दाखविणे, हा समज अपुरा होय. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४२७ अन्वये न्यायालयाने खटल्याचे कागदपत्र पाहूनच निर्णय द्यावयाचा असतो. ते अपीलकर्त्यास निर्दोष सोडू शकते किंवा खटला नव्याने चालविण्याचा आदेश देऊ शकते. परंतु त्याच्याच अपिलात शिक्षा वाढवू शकत नाही. म्हणूनच अपीलकर्ता व वकील गैरहजर असले, तरी पुरावा न तपासता अपील फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जुन्या संहितेतील अशाच तरतुदीविषयी ठरविले. वकिलाअभावी तुरुंगात पडून राहिलेल्या माणसाला हाच नियम आधार देतो.